आचऱ्याच्या जुन्या घरात उंचसखल जमिनीवर लाकडी फ्लोअरिंग, एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

काम होऊन वर्ष होत आलं. मुद्दामच थांबले होते, कारण आपल्याकडे लाकडाच्या जमिनीबद्दल पावसाळ्याआधी कोणी कितीही चांगलं बोललं तरी त्याला काही अर्थ नसतो. आता पावसाळा गेला, चतुर्थी गेली, तेवीस माणसं त्या जमिनीवर झोपून उठून गेली, तर आता सांगते. हे काम करणाऱ्या कुडाळच्या दुकानाला आणि त्यांच्या मिस्त्रींना माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पण सांगते पुढे.

आमचं घर मालवण तालुक्यात आचऱ्याला, जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, सत्तरेक वर्षांचं. माजघरात शहाबादी फरशी, ती सासऱ्यांनी १९७८ साली घातलेली, आणि बाजूच्या खोलीत लाल ऑक्साईडचा कोबा. खाली दोन्हीकडे नुसता मुरूम आणि माती, तेव्हा कोण कशाला काँक्रीट घालतोय. एवढ्या वर्षांत ती माती जशी बसली तशी फरशी पण बसली, कुठे खड्डा कुठे उंचवटा, लादी पुसली की पाणी कायम कपाटाखाली जाऊन थांबायचं. कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं, सवय झाली होती. मग २०२४ च्या फेब्रुवारीत सासूबाई रात्री पाणी प्यायला उठल्या आणि एका वर आलेल्या फरशीच्या कडेला अडकून पडल्या, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्या दिवशी ठरवलं की आता जमीन करायचीच.

सगळे म्हणाले व्हिट्रिफाइड टाईल्स घाला आणि मोकळे व्हा. पण टाईलवर पावसाळ्यात जे दव सुटतं ना ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको, वरून गुळगुळीत, म्हणजे परत पडायची भीती. आणि दुसरं असं की आमच्या माळ्याला फणसाच्या फळ्या आहेत, तिथे अनवाणी चाललं की पायाला जे वाटतं ते आईंना, म्हणजे सासूबाईंना, खाली पण हवं होतं. त्या फळ्यांवर त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय, भात वाळवणं, आंबे आढीत घालणं, सगळं वरती.

पण लाकडी फ्लोअरिंगने आम्ही एकदा पोळलो होतो. २०२२ च्या मे महिन्यात त्याच बाजूच्या खोलीत एका दुसऱ्या दुकानाकडून लॅमिनेट, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या, लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्या, घालून घेतलं होतं. दोन माणसं सकाळी आली, कोबा झाडला, पातळ फोम अंथरला आणि संध्याकाळी सहाला काम संपवून चहा पिऊन गेली सुद्धा. कोब्याच्या मधोमध चांगला उंचवटा होता, मी विचारलं तर म्हणाले फोम घेतो ते सांभाळून. दिसायला एवढं सुंदर दिसत होतं की मी शेजारणींना बोलावून दाखवलं. जूनमध्ये चालताना कट कट आवाज सुरू झाला, जुलैत जोड उघडायला लागले, आणि चतुर्थीला मुंबईची मंडळी आली तेव्हा फळ्यांच्या कडा भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या फुगून वर आलेल्या. कुबट वास वेगळाच. फोन केला तर उत्तर आलं की तुमच्या घराला ओल आहे, त्यात वॉरंटी बसत नाही. अहो पण ओल आहे की नाही हे घालायच्या आधी बघायचं कोणी? दोन वर्षं त्यावर सतरंजी टाकून काढली आम्ही.

तर या कुडाळच्या लोकांकडे गेले ती खरं म्हणजे भीतभीतच. २०२४ चा ऑक्टोबर, पाऊस नुकताच उघडला होता. मिस्त्री स्वतः घर बघायला आले, सावंतवाडीकडचे आहेत, लाकडी खेळणी करणाऱ्यांच्या गावचे, बोलणं कमी. आले ते हातात पारदर्शक लेव्हल पाईप, दोन मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी आणि एक खडू घेऊन. सँपलचं पुस्तक गाडीतच. आधी पूर्ण माजघरभर गुडघ्यावर बसून एका नाण्याने प्रत्येक फरशी वाजवली. भरीव फरशी टणक वाजते आणि जी खालून सुटलीय ती बद्द वाजते, मला पण दहा मिनिटांत कळायला लागलं. अशा अकरा फरश्या निघाल्या, प्रत्येकीवर खडूने फुली. मग पट्टी फिरवली. लाकडी फ्लोअरिंग क्लिकचं, म्हणजे फळ्या एकमेकीत अडकवायचं, असो की कुठलंही, दोन मीटरच्या पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसता कामा नये, म्हणाले. आमच्याकडे खिडकीच्या कोपऱ्यात २२ मिलिमीटर होती. त्यांनी मला वाकून बघायला लावलं, पट्टीखाली माझं बोट आरामात जात होतं.

फोम हे सांभाळून घेत नाही हे मला तेव्हा नीट समजलं. फळीच्या खाली पोकळी राहिली की पाय पडला की फळी दबते, पाय उचलला की वर येते, दिवसातून शंभर वेळा, आणि सगळा ताण त्या बारीक खाचेवर येतो जिथे दोन फळ्या एकमेकीत अडकलेल्या असतात. ती खाच एकदा तुटली की परत बसत नाही. आमच्या आधीच्या लॅमिनेटचं हेच झालं होतं आणि वरून खालच्या ओलीने आतला दाबलेला भुसा फुगला.

मग त्यांनी ओल बघितली. प्लॅस्टिकच्या शीटचे दीड-दीड फुटाचे चौकोन कापून चार ठिकाणी जमिनीवर ठेवले आणि चारी बाजूंनी टेप मारून हवाबंद केले. दुसऱ्या दिवशी याच वेळी बघा आणि फोटो पाठवा म्हणाले. मी बघितलं तर तीन चौकोन कोरडे आणि मागच्या भिंतीजवळच्या शीटला आतून थेंब, एवढे की बोटाने निपटता येतील. फोटो पाठवला. वाटलं आता म्हणतील वॉटरप्रूफिंगचा एक हात मारू आणि घालू, पैसे द्या. तर परत आले, पण घरात आलेच नाहीत, थेट मागच्या परसात गेले. आणि म्हणाले, “वहिनी, लाकूड मी उद्या पण घालून देतलंय, पण ही ओल खयसून येता तां आधी बघूक व्हया.”

ओल कुठून येत होती ते पाच मिनिटांत सापडलं. २०१९ ला आम्ही परसात मुरूम टाकून पेव्हर बसवले होते, चिखल नको म्हणून. त्यामुळे बाहेरची जमीन घराच्या जोत्यापेक्षा वर गेली, आतल्या फरशीपेक्षा चांगली चार बोटं वर. कौलांच्या पागोळ्या सगळ्या तिथेच पडणार, पाणी जाणार कुठे, भिंतीला लागून उभं राहणार. आणि जांभा म्हणजे छिद्रांचा दगड, तो पाणी पितो आणि आत सोडतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. पाच वर्षं आम्हीच घराला पाणी पाजत होतो.

त्यांनी सांगितलं की भिंतीला लागून दोन फूट रुंद पट्टीतले पेव्हर काढा, फूटभर खोल खणा, उतार माडांच्या बाजूला द्या, पागोळ्यांना पीव्हीसीचं पन्हळ लावा आणि पाच-सहा आठवडे काही करू नका. आणि हे काम त्यांचं नाही, गावातल्या कोणाकडूनही करून घ्या, त्याचे पैसे ते घेणार नाहीत. ॲडव्हान्स द्यायला लागले तर तो पण नको म्हणाले, जमीन सुकली की द्या. मी आजवर घराची इतकी कामं करून घेतली, पण हातात येणारे पैसे थांबवून थांबा म्हणणारा माणूस पहिल्यांदा बघितला. खरं सांगायचं तर तेव्हा थोडा राग पण आला होता, कारण दिवाळीआधी व्हावं असं मनात होतं. आता वाटतं त्या सहा आठवड्यांचेच खरे तर जास्त पैसे द्यायला हवे होते.

दर पंधरा दिवसांनी शीट लावून फोटो पाठवत होते. नोव्हेंबरच्या शेवटी चारही चौकोन कोरडे आले आणि मग काम सुरू झालं.

पहिल्यांदा ते जुनं लॅमिनेट उचललं. खाली काळी बुरशी आणि फोमच्या खाली प्लॅस्टिक शीट नावाला सुद्धा नाही. आईंनी नाकाला पदर लावला. मग अकरा फरश्या काढून खाली नवीन माल घालून परत बसवल्या, कोब्याचा उंचवटा ग्राइंडरने उतरवला, शहाबादीची वर्षानुवर्षांची गुळगुळीत पॉलिश पण ग्राइंडरने खरवडली कारण गुळगुळीत दगडाला वरचा माल धरत नाही. खिडकीच्या मोठ्या खोलगट भागात आधी सिमेंट-वाळूचा भराव, कारण २२ मिलिमीटर सगळं लेव्हलिंग कंपाऊंडने, म्हणजे ओतला की आपोआप सपाट होणाऱ्या पातळ मालाने, भरायचं म्हणजे उगाच पैसे पाण्यात. तो भराव दोन आठवडे सुकवला. त्यावर ओल अडवणारा इपॉक्सीचा कोट दोनदा, आणि दुसरा हात ओला असतानाच त्यावर धुतलेली कोरडी वाळू पेरली, आपण पापडावर पीठ भुरभुरतो तशी, म्हणजे वरचं कंपाऊंड त्या वाळूला धरून बसतं.

कंपाऊंड ओतायचा दिवस मी शाळेतून सुट्टी घेऊन बघितला. खिडक्या बंद, पंखे बंद, वारा लागून भरभर सुकलं तर तडा जातो म्हणून. पाणी अंदाजाने नाही, बादलीला आतून खूण केलेली, एका पोत्याला तेवढंच, एक तांब्या पण जास्त नाही. ड्रिलला फिरकी लावून घुसळायचं आणि लगेच ओतायचं, एक जण घुसळतोय तोवर दुसरा ओततोय, मध्ये थांबायचं नाही. घावनाचं पीठ तव्यावर कसं आपलं आपण पसरतं तसं ते पसरत जातं, स्वतःच सपाटी शोधतं, फक्त कडेला फावड्याने थोडी वाट करून द्यायची. मग पायाला खिळ्यांचे बूट बांधून मिस्त्री त्या ओल्या मालात उतरले आणि काट्यांचा रोलर फिरवला, बुडबुडे वर येऊन फुटताना बारीक आवाज येत होता. दोन्ही खोल्यांना मिळून बारा पोती लागली. चार-पाच तासांनी त्यावर चालता येत होतं पण लाकूड मात्र नऊ दिवसांनी घातलं, आणि त्याआधी परत शीट लावली, परत पट्टी फिरवली. आमच्या घराची जमीन इतकी सपाट मी कधी बघितली नव्हती. आई म्हणाल्या अशीच ठेवा की, लाकूड कशाला.

लाकूड कुठलं यावर पण त्यांनी नीट समजावलं. अखंड सागवानाच्या फळ्या नको म्हणाले, कोकणात हवेतल्या दमटपणाने अखंड फळी रुंदीत फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, थेट जमिनीवर घालायला जोखीम. माजघरासाठी इंजिनीयर्ड लाकूड घेतलं, १४ मिलिमीटर जाड, वर खरं सागवान आणि खाली प्लायसारखे आडवे-उभे थर, आडव्या-उभ्या थरांमुळे ते फारसं हलत नाही. बाजूच्या खोलीला न्हाणीघर लागून आहे तर तिथे एसपीसी, म्हणजे चुनखडीची पावडर आणि पीव्हीसी मिळून केलेली फळी, पाण्याने तिला काही होत नाही. ते लाकूड नाही, फक्त तसं दिसतं, आणि त्यांनी ते स्पष्ट सांगितलं. पायाला पण फरक कळतो, एसपीसी थोडं निर्जीव लागतं. पण त्या खोलीला तेच बरोबर होतं.

खोकी आली ती दोन दिवस माजघरातच आडवी ठेवली, भिंतीपासून लांब, खाली पट्ट्या टाकून, घरची हवा लागू दे म्हणून. घालताना सगळ्या भिंतींना १२ मिलिमीटरची फट सोडली, पाचरी लावून, पावसाळ्यात फळ्यांना फुगायला जागा पाहिजे. वरून स्कर्टिंगने ती झाकली जाते. खाली प्लॅस्टिक शीट, जोडावर वीतभर एकावर एक आणि टेप, मग फोम.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे आमच्या आईंसाठी. माजघराच्या कोपऱ्यात जमिनीत बसवलेला व्हायन, म्हणजे उखळ, आहे, दगडी, सासूबाईंच्या सासूबाईंच्या वेळचा. पहिल्याच दिवशी त्यांनी मिस्त्रींना बजावलं होतं, “माझो व्हायन झाकलास तर माका चलाचा नाय.” दुसरा कोणी असता तर म्हणाला असता काढून बाहेर ठेवू. यांनी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेतला, व्हायनाच्या तोंडाभोवती कात्रीने कापत कापत नेमका त्याचा आकार काढला, तो गोल पण नाही, एका बाजूला चेपलेला, वर्षानुवर्षं मुसळ त्या बाजूने येत असणार. तो पुठ्ठा फळ्यांवर ठेवून पेन्सिलने आखलं आणि जिगसॉने कापलं, भोवती बारीक फट ठेवून त्यात कॉर्कची पट्टी बसवली. चार फळ्यांसाठी अर्धा दिवस गेला. पहिली कापलेली फळी पसंत नाही पडली म्हणून स्वतःच्या हिशोबात धरून दुसरी कापली. आता तो व्हायन लाकडातून वर आल्यासारखा दिसतो. कंपाऊंडच्या दिवशी पण त्याच्याभोवती मातीचा बांध घातला होता, आत थेंब गेला नाही.

उंबरठ्याचं पण तसंच. जमीन वर आल्याने उंबरठा आतून खाली गेल्यासारखा वाटणार होता, त्यांनी उंबऱ्याला हात न लावता फळ्या त्याच्या अलीकडे थांबवून सागवानाची उतरती पट्टी लावली आणि दाराची फळकं काढून खालून रंधा मारला. आईंनी उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं तेव्हाच जाऊन काम झालं असं मानलं.

खर्च विचाराल तर सगळं मिळून एक लाख एक्कावन्न हजार, साधारण ३७० चौरस फुटांचे. त्यातले एकोणतीस हजार नुसते जमीन सपाट करायचे आणि ओल अडवायचे, परसातल्या खोदाईचे आणि पन्हळाचे वेगळे. आमच्या दिरांनी फोनवर विचारलं होतं की जे दिसणार नाही त्यावर एवढे? मी त्यांना चतुर्थीला या म्हटलं.

आता तक्रारी. ग्राइंडरची धूळ एवढी उडते हे आधी सांगायला हवं होतं, देवघरातल्या मूर्तींपासून वळईतल्या भांड्यांपर्यंत सगळं पांढरं झालं, आठवडा गेला साफ करण्यात. व्हॅक्युम लावतो म्हणाले होते, तो दुसऱ्या दिवशी आणला. स्कर्टिंगचा रंग सँपलपेक्षा गडद आला, बदलून द्यायला तयार होते पण अजून तीन आठवडे लागले असते म्हणून मी राहू दिलं, ते दुकानाने आधीच तपासायला पाहिजे होतं. फोन दुपारी उचलत नाहीत. आणि जीएसटीचं बिल दोनदा मागितल्यावर मिळालं. हे सगळं कामाच्या बाहेरचं, पण माणूस घरात एक-दोन महिने राहतो त्या पसाऱ्यात, तर हे पण बघावं त्यांनी.

२०२५ ला पाऊस पण कसा आला बघा, २५ मेलाच मान्सून देवगडपर्यंत पोचला, म्हणजे आमच्या दारातच. तेव्हापासून सप्टेंबरपर्यंत मी रोज सकाळी दात घासायच्या आधी माजघराच्या मागच्या भिंतीजवळ हात फिरवत होते, खोटं नाही सांगत. मी एक छोटा दमटपणाचा मीटर घेतला होता, तो जुलैत कायम ८५ टक्क्यांच्या वर दाखवायचा. फळ्या थोड्या फुगल्या असणार कारण जुलैत जोड अगदी घट्ट मिटले होते, पण एक कड वर आली नाही, एक आवाज नाही. एसपीसीच्या खोलीत तर काहीच फरक नाही. ओली लादी पुसत नाही आम्ही, फडकं घट्ट पिळून फक्त. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावल्यात, दाराशी दोन पायपुसणी. बास.

आणि चतुर्थी. २७ ऑगस्टला गणपती आले, चाकरमानी आले, पोरं ओल्या पायांनी खळ्यातून, म्हणजे अंगणातून, थेट आत, मी किती ओरडणार. पाचव्या रात्री आरती झाल्यावर वाडीतल्या बायका फुगड्या घालायला आल्या. नेहमी खळ्यात घालतात पण पाऊस कोसळत होता म्हणून माजघरातच. माझ्या तर पोटात गोळा आला, एका वेळी चार जोड्या, जोरात, टाचा आपटून. दीर बाजूला उभे राहून कान देऊन ऐकत होते. जमीन हूं की चूं नाही. नंतर त्यांनी खिशातून नाणं काढून स्वतः दोन-तीन ठिकाणी वाजवून पण बघितलं, सगळीकडे सारखा आवाज. आणि मुलुंडच्या फ्लॅटसाठी मिस्त्रींचा नंबर घेतला, पण ते रायगडच्या पुढे जात नाहीत.

आई आता रात्री उठतात तेव्हा बॅटरी घेत नाहीत, त्यावरून आमचं भांडण होतं, मी म्हणते घ्या. त्या म्हणतात, “गो, ही जमीन पायाक कळता.”

कोणी यांच्याकडून करून घेणार असाल तर ऑक्टोबर उजाडताच बोलवा, ओल बघायला आणि सुकवायला वेळ धरा, मे महिन्यात फोन केलात तर ते सरळ नाही म्हणतील. आणि पडवीसाठी लाकूड मागू नका, पावसाची झड येते तिथे ते घालत नाहीत, मी दोनदा मागून बघितलं.